सकाळी सातचा फोन

सात वाजता मॅडमचा फोन वाजला, तेव्हा मॅडमना जाऊन पाऊण तास झाला होता. डॉक्टर येऊन गेले होते, त्यांची धाकटी बहीण राधानगरीहून निघाली होती, आणि मी त्यांच्या खोलीतल्या स्टुलावर नुसता बसून होतो. फोन उशाशीच होता. नाव बघायची गरज नव्हती. नोव्हेंबर ते मार्च, सकाळी सातला, अठरा वर्षं एकच माणूस फोन करत आला आहे. मी उचलला, पण माझं तोंड उघडायच्या आत पलीकडून नेहमीचं वाक्य आलंच, "आज काय नाय, बाईनू." मागे समुद्राचा आवाज. मी म्हणालो, "भिकाजी, मी यादव बोलतोय. मॅडम गेल्या." फोन बंद करायचंही त्याला सुचलं नसावं. मीही कानाला धरून बसलो, आणि कितीतरी वेळ आम्ही दोघं तो समुद्र ऐकत राहिलो...

त्याला आता सहा आठवडे झाले. शोकसभा झाली, हार झाले, व्यासपीठामागच्या फलकावर शैलजा चौगुले या आमच्या मॅडमना कुणीतरी 'सागरकन्या' करून टाकलं होतं. त्या असत्या तर त्यांनी तो फलक आधी उतरवायला लावला असता. कारण मॅडम भाताच्या आणि उसाच्या घरातल्या. बाविसाव्या वर्षापर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता आणि पोहायला तर शेवटपर्यंत येत नव्हतं. कोल्हापुरात त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी त्याच कॉलेजात हेडक्लार्क होतो. अठरा वर्षांपूर्वी मुलांची सहल घेऊन त्या फोंडा घाटातून खाली कोकणात उतरल्या आणि किनाऱ्यावर त्यांना एक माणूस टोपलीत कासवाची अंडी भरून नेताना भेटला. तोच भिकाजी. मुलांना वाळूत खेळायला सोडून मॅडम त्याच्या पडवीत दोन तास बसल्या. काय बोलल्या ते दोघांनीही मला कधी नीट सांगितलं नाही, पण पुढच्या हंगामापासून तोच भिकाजी पहाटे किनारा चालून घरटी राखायला लागला. त्याच्या वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आता तिथं जाऊन बघण्यासारखं काही नाही.

मग संस्था आली. संस्था म्हटल्यावर घटना, ठराव, पत्रव्यवहार आला, आणि कॉलेजात माझ्या ड्राफ्टचं मोठं नाव होतं. मॅडम माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "यादव, तुम्ही सचिव. मी इच्यारत न्हाय, सांगतोय." आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी सांगतो' असंच बोलतात. कोकणातल्या बायकांना त्याचं फार हसू यायचं, आणि मग मॅडम मुद्दाम जास्तच बोलायच्या. राजारामपुरीत कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या, त्यातली बाहेरची खोली म्हणजे संस्थेचं कार्यालय. समुद्र शंभरावर किलोमीटर लांब आणि तो वाचवणारी संस्था इथं! खालचा रिक्षावाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "वर जावा पावणं, रंकाळ्यात कासवं सोडत्यात तितं." आम्हीही हसायचो. तेव्हा हसायला काही वाटत नव्हतं.

काम साधंच होतं. कासवीण वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि निघून जाते. ती कुत्र्या-कोल्ह्यांनी खाऊ नयेत म्हणून अंडी उचलून कुंपणात पुन्हा पुरायची. कुंपणाची जाळी शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्या माजी विद्यार्थ्यानं करून दिली होती. नवा खड्डा मात्र आईनं खणला असेल तेवढाच खोल पाहिजे. पहिल्या वर्षी मॅडम वाळूत पालथ्या पडून घरट्यात हात घालायच्या आणि कोपराच्या वर जिथं वाळू लागेल तिथं खूण करायच्या. मग त्यांनी आपल्या हाताच्या त्या मापाची कारवीची एक काठी तोडली आणि भिकाजीला दिली. पुढं प्रत्येक खड्डा त्याच काठीनं. सकाळी सातला भिकाजी फोन करून घरटी सांगायचा आणि मॅडम भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहायच्या. लोकांच्या घरी कॅलेंडरवर दुधाचे खाडे असतात, यांच्या घरी घरटी. फेब्रुवारीत पिल्लं बाहेर पडली की आम्ही सगळे खाली जायचो. तळहाताएवढंही नसलेलं ते पिल्लू लाटेकडे धावायला लागलं की मॅडम घड्याळ बघायच्या आणि म्हणायच्या, "जावा. मादी असशीला तर बारा-पंधरा वर्सांनी हितंच यायचं हाय." कासवीण जिथं जन्मते त्याच किनाऱ्यावर अंडी घालायला परत येते, असं त्या मुलांना शिकवायच्या.

आणि मग समुद्र वाडी खायला लागला. दर पावसाळ्यात किनारा आत यायचा. माडांची एक ओळ गेली, दुसरी गेली. भिकाजीची पडवी गेली... जिथं मॅडम दोन तास बसल्या होत्या तीच. वाडीनं दगडांचा बंधारा मागितला. मागणीच्या अर्जावर पहिली सही भिकाजीची होती, आणि ते सांगायला तो स्वतः कोल्हापूरला आला. चहा समोर गार होत होता. "बाईनू, कासवांका दुसरो किनारो गावतलो. आमकां दुसरा घर कोण दितलो?" मॅडमनी त्याचा चहा उचलून पुन्हा गरम करून आणला. बंधाऱ्याला मंजुरी मिळायची तर आमच्या संस्थेचं पत्र हवं होतं, की या पट्ट्यातली घरटी हलवता येतील आणि संस्थेची हरकत नाही. मॅडमनी दोन दिवस घेतले. म्हणाल्या, "यादव, बंधारा संपतो तितनं फुडं समुद्र जास्त खातोय. मी पोरांना शिकिवलंय की हे." मी म्हणालो, "मॅडम, घरांपुढचाच तुकडा मागतायत. अर्धा किनारा तरी राहील. नाही म्हणालात तर माणसंही जातील आणि किनाराही." मी तसं पत्र लिहिलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला ड्राफ्ट तो. एक शब्द खोडावा लागला नाही. मॅडमनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

बंधारा झाला. घरं वाचली, हे खरं आहे आणि ते लिहिलंच पाहिजे. पण दोन पावसाळ्यांत बंधारा संपला तिथून पुढची, आमची म्हणून राहिलेली वाळू समुद्रानं ओढून नेली. मग त्या वाळूमागच्या घरांनी बंधारा मागितला आणि तोही झाला, खाडीच्या तोंडापर्यंत. त्या वर्षी डिसेंबरात मॅडम आणि मी खाली गेलो. ओहोटी होती. दगडांच्या पायथ्याशी वाळूची एक अरुंद पट्टी उघडी पडली होती आणि तिच्यावर कासविणीचा माग होता. पाण्यातून सरळ वर, दगडांपर्यंत. मग दगडांच्या कडेकडेनं बरंच अंतर... मग परत पाण्यात. मॅडम तो माग शेवटपर्यंत चालल्या, जिथं ती वळली तिथं थांबल्या आणि बोटांवर काहीतरी मोजलं. "पंधरा वर्सं झाली न्हवं आपल्याला? ही आपलीच असंल, यादव. पयल्या खेपेतली." माझा तो ड्राफ्ट, ते 'अर्धा किनारा तरी', यावर त्या कधी म्हणजे कधीच एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या हंगामानंतर भिकाजी ती काठी परत द्यायला आला. "ही आता तुमच्याकडेच ऱ्हवांदे," एवढंच म्हणाला. मॅडमनी ती आतल्या खोलीत दाराच्या कोपऱ्यात उभी केली. संस्था कागदावर राहिली. संस्थेत येणारी कॉलेजची मुलं पुण्या-मुंबईला नोकऱ्यांना लागली. पण भिकाजी पहाटे दगडांवरून चालत राहिला आणि सातला फोन करत राहिला. "आज काय नाय." तीन हंगाम. मी एकदा वैतागून म्हणालो, "कशाला ते रोज ऐकता?" मॅडम म्हणाल्या, "त्यो सांगतोय तवर ऐकाया पायजे की."

मागच्या दिवाळीनंतर त्यांचं पोटाचं दुखणं निघालं, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आठवड्यांची भाषा केली. त्या आतल्या खोलीत पडून असायच्या, फोन स्पीकरवर. 'काय नाय' ऐकलं की भिंतीकडे तोंड करायच्या आणि चहा येईपर्यंत वळायच्या नाहीत. मला ते बघवेना. मी जिन्यात उभा राहून भिकाजीला फोन केला. "एकदा तरी घरटं सांग की. काय बिघडतंय?" तो म्हणाला, "बाईंका खोटा सांगूक माका जमाचा नाय, साहेबानू." मी तीन दिवस त्याच्या मागे लागलो. अखेर एका मंगळवारी सकाळी सातला त्याचा फोन आला आणि त्यानं सांगितलं, "बाईनू, आज एक घरटा गावला. खाडीच्या टोकाक. एकशे बारा अंडी."

मॅडमनी डोळे उघडले. "खड्डा किती खोल केलायसा?"

"तुमच्या काठीन मापलंय. बरोबर काठीएवढो."

मॅडम थोडा वेळ दाराकडे बघत राहिल्या. मला वाटलं, बाहेर कुणी आलंय का ते बघतायत. मग म्हणाल्या, "बरं. सावली करा वर. ऊन लागू दिऊ नगा." त्या दिवशी मी घरून शिरा करून आणला. दोन चमचे खाल्ला त्यांनी. म्हणाल्या, "चांगला झालाय, यादव." मी जिना उतरताना इतका खूश होतो की रिक्षावाल्याला हाक मारून चहा पाजला. आठव्या दिवशी मॅडम गेल्या.

तेराव्यानंतर मॅडमच्या बहिणीबरोबर खोली आवरायला गेलो. भांडी, पुस्तकं, साड्या ती बघत होती. मी कॅलेंडर उतरवायला घेतलं. जानेवारीचं पान. शेवटी मॅडमना उठवत नव्हतं, तरी भिंतीला धरून त्या रोज चौकोन भरत होत्या. प्रत्येक चौकोनात एक शून्य, दिवसागणिक जास्त थरथरतं. मी त्या मंगळवारवर बोट ठेवलं. तिथं एकचा आकडा असेल असं मला वाटत होतं.

तिथंही शून्य होतं.

मी वळून दाराकडे पाहिलं. काठी कोपऱ्यात होती तिथंच उभी होती, अंथरुणातून सरळ दिसेल अशी. भिकाजी ज्या काठीनं खड्डा मापल्याचं सांगत होता, ती काठी मॅडम बघत होत्या. आणि तरी सावली करा म्हणाल्या, शिरा खाल्ला. मी दोनदा त्यांना धीर द्यायला गेलो, आधी त्या अर्ध्या किनाऱ्याचा, मग या घरट्याचा, आणि दोन्ही वेळा त्यांनी मला सांभाळून घेतलं. एवढं कळल्यावर माणसानं काय करायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही. मी त्या पलंगाच्या कडेवर बसून रडलो. बहिणीनं पाणी आणून दिलं. तिला वाटलं, थकलोय.

कॅलेंडर आणि काठी मी घरी आणली. वाटलं होतं, आता फोन थांबेल. पण पंधराव्या दिवशी सकाळी सातला माझाच फोन वाजला. मी त्याला थांब म्हणालो नाही, आणि एकशे बारा अंड्यांबद्दल आम्ही दोघंही अजून बोललेलो नाही. मार्च संपेपर्यंत तो करील, पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा करील, आमच्यापैकी एक जण असेपर्यंत करील. "आज काय नाय, साहेबानू," तो म्हणतो. मी बरं म्हणतो, पेन घेतो आणि त्या दिवसाच्या चौकोनात शून्य काढतो.