वरच्या भावजींचा सुखरूप

हरण्याचा इतका उत्साह मी आजवर दुसऱ्या कुठल्याही माणसात पाहिलेला नाही. आमच्या ठाकुर्लीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे भावजी वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या आगेमागे, नियमाने हरतात, आणि त्यासाठी महिनाभर आधीपासून तयारी करतात. पोरांनो, तुम्हा दोघांना ते 'वरचे आजोबा' म्हणून आठवत असतील. मागे आलात तेव्हा त्यांनी तुम्हाला लिमलेटच्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्या मोबदल्यात तासभर घोड्याची अडीच घरं शिकवली होती. तुम्ही कंटाळून खाली पळून आलात. मला पळता येत नाही, म्हणून इतकी वर्षं मी तिथेच बसले आहे.

ते कशात हरतात, हे आधी सांगायला हवं. जगात अशा स्पर्धा असतात जिथे बुद्धिबळ माणसं खेळत नाहीत. माणसांनी लिहिलेले कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम एकमेकांशी खेळतात आणि माणसं शेजारी बसून बघतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं, हे म्हणजे नोकरांनी जेवायचं आणि मालकांनी ढेकर द्यायचा. भावजी मोहन्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात कोपरीच्या एका क्लासमध्ये कॉलेजच्या मुलांशेजारी बाकावर बसून प्रोग्रॅमिंग शिकू लागले. पुढे त्यांनी स्वतःचा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला आणि घरगुती प्रोग्रॅमवाल्यांच्या एका छोट्या स्पर्धेत घातला. देशोदेशीची दहाबारा माणसं, सगळी हौशी, बहुतेक चष्मेवाली. प्रोग्रॅमला नाव हवं होतं. भावजींनी 'सुखरूप' असं दिलं. त्यांच्या लहानपणी गावाहून येणाऱ्या प्रत्येक पत्रात पहिल्या ओळीत तोच शब्द असायचा, मग पुढे कुणाचं काहीही झालेलं असो.

सुखरूपचा स्वभाव थेट मालकावर गेला आहे. तो सावकाश विचार करतो, ठाम निर्णय घेतो आणि चुकतो. वजीर लवकर बाहेर काढून हिंडवतो, मग तो घालवतो, आणि नंतर प्याद्यांची अशी काळजी घेतो की जणू आता तीच म्हातारपणची काठी. शेवटी पटावर त्याचा एकटा राजा उरतो आणि समोर अख्खी फौज. दुसरा कुणीही डाव सोडून देईल. सुखरूप सोडत नाही. या स्पर्धेत प्रत्येक खेळीबरोबर प्रोग्रॅमने आपल्याला परिस्थिती कशी वाटते तेही सांगायचं असतं, आणि दोन्ही प्रोग्रॅमचं एकमत झालं की एक जण हरला आहे, तर डाव तिथेच थांबवतात. सुखरूप पहिल्या खेळीपासून मात होईपर्यंत एकच उत्तर देतो: 'समसमान.' एकदा कुठल्यातरी थंड देशातल्या गृहस्थांनी वैतागून लिहिलं, "तुमच्याकडे फक्त राजा उरला आहे. कृपया प्रोग्रॅमची तपासणी करून घ्यावी." भावजींनी उलट टपाली कळवलं, "प्रकृती उत्तम आहे. चौकशीबद्दल आभारी."

माझी नेमणूक झाली ती तुमचे आजोबा गेल्यानंतर. आधी हे काम ते करायचे. भावजींना लॅपटॉपवर डाव दिसतो, पण लाकडी पटावर मांडल्याशिवाय तो झाला असं त्यांना वाटत नाही. पटाशी बसून सोंगट्या हलवणाऱ्याला ऑपरेटर म्हणतात आणि ऑपरेटरने डोकं चालवायचं नसतं. चुकीची खेळी दिसली तरी मुकाट्याने करायची. "वहिनी, तुम्हाला बुद्धिबळ येत नाही, हीच तुमची पात्रता," असं भावजी मला म्हणाले. लहानपणापासून इंग्रजी शाळेत शिकले, पुढे तिथेच शिकवलं, आणि सत्तरीत ही पदवी मिळाली. शिवाय मी सोंगटी नेमकी घराच्या मधोमध ठेवते. "तुमचे मिस्टर रेघेवर ठेवायचे," ते म्हणाले. त्यात काही खोटं नव्हतं. ते चपलाही उंबऱ्यावरच काढायचे.

तर स्पर्धा असली की शनिवारी संध्याकाळी मी गुडघ्यांना समजावत जिना चढते. तळमजल्यावरच्या काकू, ज्यांच्या शेतावर आमची इमारत उभी आहे, दारात लसूण सोलत असतात. "काय वयनी, आज परत हरायला चालल्या?" त्या ओरडतात. "आमच्या म्हशीला बसवा त्या पटावर, ती तरी शिंग मारील!" मी वरून हात हलवते. काकूंकडे आता म्हैस नाही, पण भरवसा आहे.

इतरांशी डाव असला की भावजी मधेच उठून कपडे वाळत घालतात, पेपर वाचतात, एकदा तर झोपले. पण एका डावाला ते इस्त्रीचा शर्ट घालतात, केसांना पाणी लावून भांग पाडतात आणि घड्याळ लावायच्या कितीतरी आधीपासून खुर्चीत ताठ बसतात. स्पर्धेची जुनी पद्धत अशी की खेळी फोनवरून तोंडी कळवायची. फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो, त्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू येतं. त्या डावात फोनच्या पलीकडे त्यांचा मुलगा असतो. तो युरोपात असतो, त्याचाही प्रोग्रॅम स्पर्धेत आहे, आणि तो चांगला आहे. फोनवर चेहरा दिसत नाही, हे मी भावजींना एकदा सांगून पाहिलं. "आवाजात इस्त्री कळते," ते म्हणाले.

बापलेकांचं भांडण वगैरे काही नाही. मुलगा तिकडे गेल्यापासून फोन यायचा तो आईला, म्हणजे भावजींच्या बायकोला. भावजींच्या हातात दिला की ते म्हणायचे, "ठीक आहेस ना? हं. घे, आईशी बोल." मग त्या गेल्या, आणि फोन द्यायला कुणी उरलं नाही. मुलगा विचारायचा, "बाबा, सगळं ठीक?" बाबा म्हणायचे, "सगळं ठीक. तुझं?" "ठीक." दोघंही खरं बोलत नव्हते आणि दोघांनाही ते माहीत होतं. स्पर्धेत मात्र त्यांना बोलायला विषय असायचा. "घोडा एफ तीन." "समजलं. उंट बी चार." "समजलं, बाबा." एका डावात असे दोन-अडीच तास जायचे. सुखरूप 'समसमान' का म्हणतो, हे मला पटाशी बसल्या बसल्या पहिल्याच वर्षी उमगलं होतं. डाव थांबला असता तर फोनही थांबला असता.

पलीकडचा प्रोग्रॅमही मग मला संशयास्पद वाटू लागला. इतरांना तो तासाभरात लोळवतो. एका दिवाळीत मला, म्हणजे मला, दिसलं की त्याने हत्ती खाली आणला की आमच्या राजाला मात आहे. त्याने हत्ती वर नेला. पुढच्या खेळीला उजवीकडे. मग परत होता तिथे. ऑपरेटरने बोलायचं नसतं, पण फोन बंद झाल्यावर मी विचारलंच. भावजी पेटीत सोंगट्या भरत म्हणाले, "जरा मंद आहे त्याचा प्रोग्रॅम." असं कौतुक मी त्यांच्या तोंडून सुखरूपचंही ऐकलेलं नाही.

पण त्या थंड देशातल्या गृहस्थांनी तक्रार लावून धरली, आणि या उन्हाळ्यात नियम बदलला. आता तिसरा एक तटस्थ, बलाढ्य प्रोग्रॅम पंच म्हणून बसणार. डाव हरलेला आहे असं त्याला दिसलं की तो परस्पर संपवणार. कोण समसमान म्हणतंय, ते विचारणार नाही. ते पत्र वाचून भावजी दोन दिवस जिन्यात दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी खाली येऊन म्हणाले, "वहिनी, आता सुखरूपला खरंच खेळायला शिकवावं लागणार." त्यांनी त्याला शिकवणी लावली म्हणा ना. महिनाभर रोज सकाळी चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसायचे. आता जिंकण्याचा हट्ट होता असं नाही. लवकर हरू नये, एवढंच.

त्या शनिवारी मीही इस्त्रीची साडी नेसले. सुखरूपने वजीर घरात ठेवला. मला भरून आलं, कारण इतकी शिस्त त्याने कधीच दाखवली नव्हती. "उंट डी सहा." "समजलं, बाबा." मुलाचा आवाज जरा चकित वाटला. तास गेला. मग आमचा एक हत्ती पडला, मग प्यादी एकेक करून, आणि सवयीने सुखरूप म्हणाला, 'समसमान.' पलीकडून मुलगा म्हणत होता, "हत्ती..." आणि पडद्यावर पंचाची ओळ आली: डाव संपला.

एरवी डाव संपला की मुलगा म्हणतो, "ठेवतो, बाबा," आणि हे म्हणतात, "ठेव." आज दोघंही बोलेनात. भावजींनी फोन कानापासून काढला, त्याच्याकडे पाहिलं, आणि जुन्या सवयीने हात लांबवून माझ्यासमोर धरला.

मी थकले होते. गुडघे ठणकत होते, खाली कुकर लावायचा होता. फोन घेऊन, "कसा आहेस रे बाळा," म्हणणं अगदी सोपं होतं. पण मी पटावरच्या मेलेल्या सोंगट्या दोन्ही मुठींत उचलल्या आणि म्हटलं, "भावजी, माझे हात मोकळे नाहीत."

त्यांनी फोन परत कानाला लावला. "तुझी खेळी अर्धी राहिली," ते म्हणाले. "हत्ती कुठे म्हणालास?"

"एच सात, बाबा," पलीकडून आलं.

मी मुठीतल्या सोंगट्या मांडीवर ठेवल्या आणि हत्ती एच सातवर, नेमका मधोमध, ठेवला. भावजींनी लॅपटॉप मिटला आणि पटाकडे बघून स्वतःच्या डोक्याने राजा हलवला. चुकीचा हलवला. दोन खेळ्या झाल्यावर ते एकदम म्हणाले, "तिकडे दुपार असेल ना? जेवलास?"

"जेवण पुढ्यात आहे, बाबा. निवलंय."

"मग जेव ना. मी थांबतो. आता घड्याळ नाही."

मी हळूच उठले. तळमजल्यावरून काकूंनी विचारलं, "हरला का वो?" मी म्हटलं, "अजून चालू आहे." कोण जिंकलं ते मी अजून विचारलेलं नाही. भावजी आता सोंगट्या स्वतःच हलवतात, म्हणून ऑपरेटरचीही गरज पडत नाही. शनिवारी वरून भावजींचा आवाज येतो, मधे बऱ्याच वेळा नुसती शांतता असते, पण फोन चालू असतो.

हे सगळं तुम्हाला लिहायचं कारण असं की रविवारी मी फोन केला की तुम्ही दोघं "हाय आजी" म्हणता आणि लगेच, "आईला देतो," म्हणता. मी कशी आहे विचारलंत तर मीही, "मजेत," म्हणते. पुढच्या रविवारी आईला द्यायची घाई करू नका. सुचलं नाही तर गप्प बसा, मला चालतं, मला सवय आहे. इकडे गुडघे वाईट आहेत, जिना मोठा झाला आहे, आणि संध्याकाळी घर फार मोठं वाटतं. पंचाने पाहिलं तर काय म्हणेल ते मला माहीत आहे. पण माझ्याकडून म्हणाल तर, समसमान.