जावेचा फाटका आवाज

नात म्हणाली, "आजी, आमचा पहिला अल्बम येतोय."

मी म्हटलं, "लग्न कधी झालं तुझं?"

आमच्याकडे अल्बम म्हणजे लग्नाच्या फोटोंचा. दुसरा कुठला असतो हे मला माहीत नव्हतं. आणि 'पहिला' म्हणाली म्हणजे पुढं दुसरा नवराही करणार की काय, असं वाटलं. सून भाकरी थापता थापता हसत सुटली.

मग नातीनं समजावलं. हा गाण्यांचा अल्बम. ती बदलापुरातून रोज नोकरीला जाते आणि सुट्टीच्या दिवशी चौघांच्या बँडमध्ये गाते, एवढं मला ठाऊक होतं. काय गाते ते कधी ऐकलं नव्हतं. तिनं फोन माझ्या कानाला लावला. आधी शंभरभर व्हायोलिनं एकदम, मग गाभाऱ्यात घुमावा तसा बायकांचा आवाज, मग ढोल, आणि मध्येच एक बाप्या रेड्यासारखा हंबरला.

"ह्याला सिम्फनिक गॉथिक मेटल म्हणतात," ती म्हणाली.

"अंगात आलंय का त्याच्या?"

"नाही गं. मुद्दाम काढतो तसा आवाज."

नऊ गाणी मिळून एकच गोष्ट होती. बारवी धरणाखाली गेलेलं गाव, पाण्याखाली हळद लावून बसलेली नवरी, आणि कधीच न येणारी वरात. नवरी म्हणजे माझी नात. हंबरणारा म्हणजे पाणी.

"आणि सुरुवातीला आम्हाला खरा धवला पाहिजे," ती म्हणाली.

आमच्या आगरी लग्नात ब्राह्मण नंतर, आधी धवलारीण. ती धवला गाऊन देवांना मांडवात बोलावते, हळद लावते, सगळे विधी गाण्यातूनच करते. मी हे चाळीस वर्षं केलं. बारवीच्या रस्त्याला माझ्या धवल्याशिवाय लग्नं लागत नव्हती. ओळ आधी मी म्हणायची आणि माझी धाकटी जाऊ मागून झील धरायची. तिला झिलीलाच ठेवली होती, कारण तिचा आवाज तरुणपणापासून फाटका. खाली बरा लागतो, वर चढला की जुना पत्रा ओढल्यासारखा. तिला शिकवलं मी. त्यात धरणाखाली गेलं ते गाव माझ्या माहेरचं. जाऊ वांगणीकडची. तिचं काही बुडालेलं नाही.

तेव्हा धवला मी गाणार, ह्यात विचारायचं काय होतं? मी दही सोडलं, लोणचं सोडलं. नातीनं पडवीत बसवून दोघींचा आवाज फोनवर घेतला, तेव्हाही मला वाटलं, धाकटीचा मान राखायला घेत असेल.

आठ दिवसांनी ती माझ्याजवळ येऊन बसली. खूप प्रेमानं बसली, तिथंच मी ओळखलं.

"आजी, सगळ्यांना धाकट्या आजीचा आवाज पाहिजे."

"का?"

"तुझा एकदम स्वच्छ आहे. आम्हाला रॉ पाहिजे. म्हणजे… फाटका. ऐकणारा घाबरला पाहिजे."

मी म्हटलं, "मग गल्लीतलं कुत्रं न्या."

मी त्या दिवशी जेवले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. जेवले. पण जावेशी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी तीच आली आणि म्हणाली, "मी एकटी नाय जायची गो तिथं. तू चल." मी म्हटलं, "गाणारी तू, मी काय तुझी पिशवी धरू?" ती म्हणाली, "धर." आणि मी गेले. ती कशी पडते ते बघायला गेले, हे इथं लिहून टाकते.

उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात बँडच्या पेटीवाल्याच्या, म्हणजे कीबोर्ड वाजवणाऱ्याच्या, वडिलांचा जीन्सचा कारखाना आहे. खाली मशिनी, वर माल ठेवायची खोली. त्या खोलीत त्यांनी भिंतींना जीन्सचे गठ्ठे छतापर्यंत लावले होते. आवाज घुमू नये म्हणून, म्हणाले. सुट्टी होती, मशिनी बंद होत्या. वडील स्वतः चहा घेऊन वर आले. "माताजी, आराम से बैठो. ये लोग दो साल से मेरे माल पे चिल्ला रहे हैं. कपड़ा भी डर गया." हंबरणारा अंबरनाथच्या रंगाच्या कंपनीत काम करतो. चांगला चष्मेवाला, वाकून पाया पडणारा. मी त्याला मिठाच्या गुळण्या सांगितल्या. तो "हो आजी" म्हणाला.

जावेला एका बाजूच्या लहान खोलीत बसवलं, कानांवर मोठे कानवाले चढवले, तोंडापुढं माइक. आम्ही सगळे बाहेर काचेपाशी. नातीनं खूण केली. जाऊ बसून राहिली. परत खूण केली. ती माझ्याकडे बघत राहिली.

नात आत गेली. "काय झालं, धाकटी आजी? विसरलीस?"

"विसरले नाय. मी सुरवात कधी केलीच नाय. ती म्हनते, मग मी म्हनते."

खरं होतं ते. चाळीस वर्षांत तिनं एकही ओळ आधी उचललेली नव्हती. माझ्या ओळीचं शेपूट कानावर आल्याशिवाय तिचं तोंड उघडत नसे. मला इतका आनंद झाला की मी चहाचा दुसरा पेला मागितला.

पेटीवाल्यानं तोड काढली. मला खाली त्याच्या वडिलांच्या ऑफिसात दुसरा माइक देऊन बसवायचं. मी ओळ म्हणायची, ती वर जावेच्या कानात जाणार, आणि ती झील धरणार.

"आणि माझा आवाज?"

"आंटी, वो सिर्फ़ गाइड है. बाद में म्यूट कर देंगे."

चौथी शिकलेय मी, पण म्यूट म्हणजे मुकी, हे समजायला शाळा लागत नाही.

तरी गायले. आणि मुद्दाम वरच्या पट्टीत गायले. लग्नात कधी एवढं वर नेत नाही, तिथून उचललं. म्हटलं, चढ आता माझ्या मागं. ती चढली. तिसऱ्या ओळीला तिचा आवाज वर उभाच्या उभा फाटला, तो मला जिन्यातून खाली ऐकू आला. मी समाधानानं शेवटपर्यंत म्हणून घेतलं आणि वर गेले. वर नात डोळे पुसत होती. हंबरणारा दोन्ही दंड चोळत होता.

"काटा आला," तो म्हणाला. "हेच पाहिजे होतं."

माझ्याच हातानं मी तिला तिथं नेऊन ठेवली होती.

ते सामान आवरायला लागले. जाऊ कानवाले काढून केस नीट करत होती, आणि सगळे तिच्याभोवती. तेव्हा मी बोलले. मी म्हटलं, "देव बोलावलेत तुम्ही. आता पाठवणी कोण करणार?"

नात म्हणाली, "म्हणजे?"

"धवल्यानं बोलावलेले देव धवल्यानंच परत पाठवायचे. नाहीतर ते घरातच बसतात. आणि पाठवणीत झील नसते. मोठीनं एकटीनं म्हणायची."

असं काही नाही. देवांची पाठवणी म्हणून वेगळा धवला आमच्यात कुणी म्हटलेला मी ऐकलेला नाही. त्या जीन्सच्या गठ्ठ्यांत उभं राहून मी तो रिवाज तयार केला. पेटीवाल्याच्या वडिलांनी लगेच हात जोडले. त्यांचा कारखाना होता. पण माझी नात माझ्यावर गेलीय. तिनं वळून जावेला विचारलं, "धाकटी आजी, खरंच असतं असं?"

जाऊ माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. एका शब्दात ती मला तिथं उघडी पाडू शकली असती, आणि तिच्या जागी मी असते तर पाडलीच असती.

"असतं तर," ती म्हणाली. "मोठीचाच मान तो. मी नाय म्हनू शकत."

मग मला काचेच्या खोलीत बसवलं. हळदीच्याच जुन्या चालीवर मी शब्द जुळवत गेले, देवांना एकेक करून वाटेला लावलं. एका दमात झालं. नात म्हणाली, अल्बमच्या अगदी शेवटी घालू, सगळी वाद्यं थांबल्यावर.

परतीच्या गाडीत मी जावेला विचारलं, "खोटं का बोललीस?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू उचललंस, मी झील धरली. दुसरं काय येतं मला?"

मी तिचे आभार मानले नाहीत. अल्बमच्या शेवटची ती जागा मी मिळवली नव्हती, तिनं दिली होती, आणि ही गोष्ट मला अजून पचत नाही. तिनं मला खोटं पाडलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

अल्बम आला तेव्हा पुतण्यानं मोठा स्पीकर आणून पडवीत लावला. अर्धी आळी जमली. आधी पाण्याचा आवाज, मग जावेचा. एवढी माणसं, पण कुणी हललं नाही. माझ्याही अंगावर काटा आला. तिथं माझा आवाज चालला नसता. नातीनं निवडलं ते बरोबर होतं, आणि हे मी तिला सांगितलेलं नाही. हंबरणं सुरू झालं तशा बायका उठायला लागल्या. सातव्या गाण्यापर्यंत पडवीत सहा माणसं उरली. शेवटाला पोचलं कोण तर जाऊ, सून आणि मी.

आता कुणी ना कुणी येऊन जावेला सांगतं, काय गायलीस गो, ऐकून घाबरलो. मी तिथं असले तर विचारते, "शेवटपर्यंत ऐकलंस ना?" नाही म्हटलं की मी सांगते, पाठवणी ऐकल्याशिवाय बंद करू नये, बोलावलेले देव घरातच बसतात. माणूस दचकून जावेकडे बघतो. जाऊ मान हलवते.

मग ते घरी जाऊन पूर्ण ऐकतात.