प्रिन्सेस रॉबर्ट

"शरद, इंग्लंडच्या राणीच्या चुलतभावाकडे ओळखपत्र मागितलंस, तर तुझं ग्रीन कार्ड विसर!" माझा बॉस फ्रँक कुजबुजला.

न्यू जर्सीतल्या त्या हॉटेलात मी बँक्वेट मॅनेजर होतो, मेजवान्या सांभाळायचो. ग्रीन कार्डसाठी हॉटेलच माझं स्पॉन्सर. टीव्हीवर लंडनमधलं शाही लग्न पाहून तेव्हा अख्ख्या अमेरिकेला राजेशाहीचं वेड लागलं होतं. त्यात हे प्रिन्स रॉबर्ट अवतरले! सर्वांत मोठ्या स्वीटमध्ये सपत्नीक, फुकट मुक्काम. शनिवारी त्यांच्या सन्मानार्थ डिनर.

मला मात्र पहिल्यापासून खटकत होतं. महाराजांनी सही केली, 'रॉबर्ट विंडसर'. खरे प्रिन्स सहसा आडनाव लावतच नाहीत. वर म्हणाले, "आम्ही चारशे वर्षं विंडसर!" अहो, ते आडनाव पहिल्या महायुद्धातलं. राजघराण्याला आपलं जर्मन नाव नकोसं झालं, म्हणून विंडसरच्या किल्ल्यावरून घेतलेलं. आपल्या हिशेबानं विंडसरकर!

"इतिहास नको, टेबलं लाव," फ्रँक म्हणाला.

लावली. प्रत्येक खुर्चीसमोर पाहुण्याच्या नावाचं प्लेस कार्ड असतं. मॅडमचं नाव एलिनॉर. मी कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'प्रिन्सेस रॉबर्ट'.

शुक्रवारी दुपारी दोघं टेबल पाहायला आली.

"हे काय? माझ्या बायकोला पुरुषाचं नाव?" महाराज गरजले.

फ्रँक लालबुंद. "शरद, माफी माग!"

"मागतो की. पण सर, प्रिन्सला ड्यूकसारखी वेगळी पदवी नसेल, तर त्याची बायको नवऱ्याच्याच नावानं प्रिन्सेस होते. राजाची लेक किंवा नात असेल तरच स्वतःच्या नावानं. मॅडम, आपण जन्मानं राजकन्या?"

"छे! मी इथलीच, क्लीव्हलँडची," मॅडम निरागसपणे म्हणाल्या.

फ्रँकनं एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा महाराजांकडे. "मी ब्रिटिश कॉन्स्युलेटला एक फोन करतो."

"अवश्य! तोवर मी जरा कोट बदलून येतो," महाराज म्हणाले.

कॉन्स्युलेटकडे असा कुणी प्रिन्स नव्हता. थोड्या वेळानं आमच्याकडेही नव्हता. किचनच्या मागच्या दारानं गेला, असं आचारी म्हणाला.

मॅडम संध्याकाळपर्यंत लॉबीत वाट पाहत बसल्या होत्या. मी चहा नेऊन दिला, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे मी खरंच प्रिन्सेस नाही?"

तोवर मला वाटत होतं, दोघं सामील आहेत.

डिनर कॅन्सल झालं. माझं ग्रीन कार्ड यथावकाश आलं. आणि आजही कुणी फार बडा माणूस हॉटेलात उतरला, की मी आधी त्याच्या बायकोशी गप्पा मारतो.