ताप एकीचा, कॅप्सूल सगळ्यांच्या

टायफॉइड घरातल्या एकीलाच झाला आणि औषध मात्र घरातल्या प्रत्येकानं खाल्लं, दारातल्या शेळीसकट. असं घर पाहिलंय तुम्ही? मी पाहिलंय. पंचवटीत, पेठ रोडच्या वस्तीत, १९९६ साली. आणि हसायच्या आधी एवढं ऐकून घ्या की त्या घरात कुणी दुष्ट नव्हतं, कुणी बावळटही नव्हतं. सगळा घोळ झाला तो न्यायापायी.

घर नवसाबाईचं. मूळची कळवणकडची. नवरा पुंजाराम, थोरला मुलगा हिरामण, धाकटा राजू. दोघं पोरं मार्केट यार्डात हमाली करायची. थोरली सून मैना, धाकटी मोहिनी. नवसाबाई स्वतः लग्न होऊन आली तेव्हा जावांच्या रांगेत शेवटची. दुधावरची साय पुढच्यांना आणि भांडं खरवडायला ही. तेव्हाच तिनं मनाशी बांधलं, माझ्या हातात पळी येऊ दे, कुणाच्या ताटात कमी-जास्त पडणार नाही.

पळी हातात आली आणि बाई पेटलीच. चिकू कापला तर बियासुद्धा सारख्या वाटायची. मैनाला चष्मा लागला तेव्हा मोहिनीलाही चष्मा आणला, साध्या काचेचा. मोहिनी बिचारी लग्नकार्यात तो लावून हिंडायची. कुणी नंबर विचारला की सांगायची, "दुसरा. पहिला जाऊबाईंचा."

तर त्या वर्षी मोहिनीला ताप चढला आणि उतरेचना. वस्तीच्या तोंडाशी डॉक्टर ज्योत्स्नाबाईंचा दवाखाना होता. त्यांनी रक्त तपासलं, टायफॉइड निघाला. क्लोरॅमफेनिकॉलच्या कॅप्सूल दिल्या, दिवसातून चार वेळा, दोन आठवडे. नवसाबाईनं तो जाडजूड पुडा हातावर तोलला.

"एवढ्या समद्या एकटीला?"

"हो आजी, एकटीलाच."

"आसं काय काय करतं हे औषध?"

ज्योत्स्नाबाईंना पेशंटनं प्रश्न विचारला की फार आनंद व्हायचा. बाहेर रांग लागलेली असताना त्यांनी बसून समजावलं. काही औषधं एकाच जातीच्या जंतूंना मारतात. याचा पल्ला मोठा आहे. टायफॉइडचे जंतू मारतं, छातीतले मारतं, गळवातले मारतं, जुलाबाचे मारतं, डोळे आले तर याचेच थेंब घालतात. पूर्वी टायफॉइड म्हणजे माणूस आठवडेच्या आठवडे खाटेला खिळायचा आणि कितीतरी जण उठायचेच नाहीत. हे औषध आलं आणि माणसं उठून बसायला लागली.

नवसाबाईनं शब्द न् शब्द ऐकला. तिथंच घात झाला. दुसरी एखादी असती तर जांभई देऊन मोकळी झाली असती.

घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात सगळं जुळलं होतं. छाती म्हणजे मैनाचा खोकला. गळू म्हणजे म्हाताऱ्याच्या पाठीवरचं. जुलाब म्हणजे हिरामण. आणि राजूचे डोळे तर रोज सकाळी चिकटायचे. म्हणजे औषध होतं सगळ्या घराचं आणि दिलं होतं एकट्या मोहिनीच्या नावानं! तिनं सगळ्यांना चुलीपुढं बसवून वाटप केलं. मोहिनी जास्त आजारी, म्हणून तिला दोन जास्त, आणि त्यालासुद्धा मैनाची संमती घेतली. शेळीचं पोट बिघडलं होतं, तिलाही वाटा निघाला. पुंजाराम कुरकुरला तेव्हा म्हणाली, "तिनं काय कुणाचं घोडं मारलंय?"

वाट्याच्या कॅप्सूल होत्या तोवर मोहिनीचा ताप उतरला. संपल्या तसा दुप्पट चढून बसला.

ज्योत्स्नाबाई हबकल्या. "औषध लागू पडत नाही की पोटात जात नाही, ते तेवढं घरी जाऊन बघून ये," म्हणून त्यांनी मला पाठवलं. मी तेव्हा वस्त्यावस्त्यांत औषधाच्या हक्कासाठी भांडत होते. कॉलेज मी रस्त्यावरूनच पाहिलंय. औषधांचं जे काही शिकले ते रद्दीच्या दुकानात बसून शिकले, आणि त्यावर कुणी बोट ठेवलं तर त्याचं बोट जागेवर ठेवत नाही.

दारातच पुंजारामबाबा उघडी पाठ उन्हाला देऊन बसले होते.

"ये पोरी. बघ, बसलं का नाय गळू?"

"कशानं बसलं, बाबा?"

"त्या लाल-पांढऱ्या कॅप्सुलीनं. माझा वाटा म्या पुरा खाल्ला. ही शेळी मातर थुकती."

माझं डोकं सटकलं. आत मोहिनी गोधडीत पडलेली, ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले.

"मावशी, तुम्ही सुनेचं औषध शेळीला घातलं?"

"सुनेचं नाय, घराचं."

"टायफॉइड तिला झालाय!"

"मंग? म्हणून तर तिला जास्ती दिल्या. मैने, दिल्या का नाय?"

"दिल्या ना," मैना दारातून म्हणाली.

"आन् तू वरडू नको हां, ताई," नवसाबाईनं माझ्यावर बोट रोखलं. "कलेक्टर हापिसापुढं उन्हात मला उभं करून तूच घोषणा देत व्हती ना? औषध सगळ्यांना, समान! म्या पहिल्या रांगेत व्हते. लय घसा बसला माझा. तेच घरात केलं तं तुला मिरची लागली?"

मी फौजदारांना गप्प केलंय, साहेबांच्या पीएंना गप्प केलंय. त्या दिवशी माझ्याच घोषणेनं मला उताणं पाडलं.

मग मी शांतपणे सांगितलं. म्हणजे माझ्या मानानं शांतपणे. औषध अर्ध्यात तुटलं की जंतू सगळे मरत नाहीत. जे तग धरतात ते माजून परत येतात. ज्यांनी उगाच वाट्याच्या खाल्ल्या त्यांनी आपापल्या पोटात जंतूंची तालीम उघडली. वर हे औषध कधीकधी माणसाच्या अंगात रक्त बनणंच बंद पाडतं, ही काही फुटाण्यासारखी खायची चीज नाही. आता मोहिनीला पुन्हा पहिल्यापासून पुरा कोर्स लागेल. या वेळी तुटला तर आतड्याला भोक पडेल आणि पोरगी हाती लागणार नाही.

नवसाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सुनेवर जीव होता तिचा.

"मंग आण बाई औषध," ती म्हणाली. "समद्यांचा पुरा कोर्स आण."

गोधडीतून मोहिनी म्हणाली, "ताई, मला एकटीला नको हां. आधी जाऊबाईंना. नायतर जल्मभर ऐकावं लागंल."

मैनानं नाही म्हटलं नाही. नुसता चष्मा सारखा केला.

बाहेर राजूनं मला गाठलं. "ताई, आईला बदलवत बसलात तर माझी बायको जाईल. मोहिनीला खऱ्या द्या, बाकीच्यांना ताकदीच्या. रंग तेवढा सारखा बघा." ज्योत्स्नाबाईंना हे पटत नव्हतं, पण आतड्याचं भोक त्यांना त्याहून पटत नव्हतं. लाल-पांढऱ्याच ताकदीच्या कॅप्सूल शोधून काढल्या. प्रत्येकाचा पुडा वेगळा, वर नाव. राजूनं स्वतः घरी नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेले, तर नवसाबाई पुढ्यात परात घेऊन बसलेली. सगळे पुडे तिनं परातीत ओतले होते आणि दोन्ही हातांनी कालवत होती, लाडू वळायला घेतल्यासारखी.

"मावशी, हे काय?"

"कुणी म्हणाया नको, मोहिनीच्या पुड्यात चांगल्या व्हत्या."

राजू एकेक कॅप्सूल उचलून उजेडात धरून बघायला लागला. खऱ्या कुठल्या आणि ताकदीच्या कुठल्या, आता वरून कोण उतरलं असतं तरी सांगता आलं नसतं.

मी परात उचलली आणि अंगणात उपडी केली. शेळी धावली. शेळीमागं म्हातारा धावला, तो तिला अडवायला की आपला वाटा उचलायला, देव जाणे. शेजारीपाजारी गोळा झाले. नवसाबाई पदर खोचून माझ्यासमोर उभी.

"वाटायची हौस आहे ना?" मी ओरडले. "वाटा की! पण आधी ताप वाटा. तिच्या अंगातला ताप काढा, सगळ्यांना सारखा द्या, शेळीला पण द्या. मग बसा औषध वाटत!"

दुसऱ्या कुणी माझ्या झिंज्या धरल्या असत्या. नवसाबाई विचारात पडली. खरोखरच विचारात पडली. आत गेली, मोहिनीच्या कपाळावर एक हात ठेवला आणि मैनाच्या कपाळावर दुसरा. मग राजूचं कपाळ, मग म्हाताऱ्याचं, मग परत मोहिनीचं. मला आधी कळेना, ही करतेय काय. ताप वाटता येतो का ते बघत होती हो बाई!

शेवटी तिचा हात मोहिनीच्याच कपाळावर राहिला.

"समदाच्या समदा हिच्याच वाट्याला आलाय," ती हळूच म्हणाली. "माझ्या घरात एवढा आन्याव, आन् मलाच दिसला नाय. मैने, ह्यातला थोडा तुला घेता यील का?"

"नाय येत, आत्या," मैना म्हणाली आणि रडायलाच लागली.

"मंग झालं तर. ज्याचा ताप त्याचं औषध."

नवा पुडा आला, तो तिनं स्वतःच्या कनवटीला बांधला. मोहिनीला कॅप्सूल द्यायच्या वेळी सगळ्या घराला समोर बसवायची, आणि मोहिनीनं गिळली की बाकीच्यांच्या तळहातावर आपला रिकामा हात ठेवायची. सगळ्यांना सारखाच. हिरामण एकदा उठून गेला तर त्याला हाक मारून त्याचा वाटा दिला. कोर्स पुरा झाला. मोहिनी उठली. केस तेवढे गळाले, तेही पुन्हा आले.

पुढं ते औषध मागं पडलं. ठिकठिकाणी टायफॉइडचे जंतू त्याला आधीपासूनच जुमानेनासे झाले होते, नवी औषधं आली, आणि लोक तीही दोन-दोनच्या मापानं खायला लागले. सर्दीला दोन, कंबर धरली तर दोन. नवसाबाईला ते बघवेना. ती मेडिकलच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली. कुणी चिठ्ठीशिवाय कॅप्सूल मागितली की उठायची आणि सरळ त्याच्या कपाळाला हात लावायची. "कुठं हे ताप? दाखव." एका हवालदाराची टोपी काढून बघितलं. दुकानदारानं आधी शिव्या घातल्या, मग हात जोडले, शेवटी स्टूल दिलं. दोन हजार आठ साल उजाडलंय, सत्तरी ओलांडलीय, अजून बसते.

म्हणून तुम्हाला सांगते. पेठ रोडवर सर्दीसाठी सुट्या कॅप्सूल घ्यायला थांबलात आणि एक खरखरीत हात तुमच्या कपाळाकडे आला, तर झटकू नका. म्हातारी बुटकी आहे, जरा वाका. आणि ती "गार हे" म्हणाली, तर कॅप्सूल काउंटरवर ठेवा आणि घरी जा.