सुमनचं गणित आणि धोंडूकाकांचा सूर

तीन बायका एका खोलीत दोन वर्षं राहिल्या की किस्से ढेकणांसारखे होतात. एक शोधायला जावं तर गादीतून आणखी चार निघतात. आमची खोली कर्जतजवळ कशेळ्याला होती, बाजाराच्या मागच्या अंगाला. मी नि शकू प्राथमिक शाळेत मास्तरणी, आणि सुमन बालवाडीत. साल नेमकं विचारू नका, सत्तरच्या आसपासचं धरा. आजकाल माझी नात कानात वायरी घालून, गाणी ऐकत अभ्यास करते नि तिला वाटतं हा शोध तिचाच! अगं, आमच्या सुमननं त्यापायी अख्खा गाव कामाला लावला होता.

सुमन जवळच्याच कळंबची. नवऱ्यानं दुसरी बायको केली, तशी ही माहेरी परत आली. बालवाडीची नोकरी तात्पुरती होती. मार्चमध्ये मॅट्रिकचं गणित सुटलं तर कायम, नाहीतर चला घरी. आधी दोनदा नापास झालेली. आणि पुस्तक उघडलं की हिला शांतता सोसायची नाही.

"नलूताई, सगळं गप्प झालं की सासूचं बोलणं ऐकू येतं गं," ती मला म्हणाली. "एकेक शब्द. मग कसलं गणित नि कसलं काय."

मी म्हटलं, ठीक आहे, मग गप्प होऊच द्यायचं नाही. मी एकदा हट्टाला पेटले की मलाच आवरत नाही.

*

पहिला मान शकूच्या ट्रान्झिस्टरचा. गाणी लावली तर दोन दिवसांत सुमनच्या वहीत प्रमेयाच्या खाली गाण्याचं कडवं! मग गाणी बंद. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी एक कार्यक्रम लागायचा, त्यातल्या माणसाचा आवाज अगदी सायीसारखा. म्हटलं हे बरं आहे, चालू राहू दे.

महिन्याभरानं मी तिची परीक्षा घेतली. वर्तुळाचं एक प्रमेय येईना. पण भातावरच्या तुडतुड्यांवर अर्धा तास बोलली. त्याच रविवारी कळंबला जाऊन तिनं वडिलांना खाचरातलं पाणी काढायला लावलं, औषध मारायला लावलं. शेजारपाजारचं भात करपलं, यांचं उभं राहिलं. वडील नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन आमच्या दारात हजर.

मला म्हणाले, "बाई, गनिताचं ऱ्हाऊ द्या. रेडू तेवढा चालू ठेवा."

*

म्हणजे शब्द नकोत, नुसतं संगीत हवं, इथवर आम्ही पोचलो. आमच्या हेडमास्तरांकडे पेटी होती. ते मोठ्या मनानं म्हणाले, मी रोज तासभर वाजवीन, पोरीचं कल्याण होऊ दे.

सर एक धून सुरू करायचे, ठरावीक जागी चुकायचे, पुन्हा पहिल्यापासून. सुमन पेन्सिल हातात धरून त्या चुकीची वाट बघत बसायची. चौथ्या दिवशी तिच्यानं राहवलं नाही. म्हणाली, "सर, तिथं तुमचं बोट काळ्या पट्टीवर हवं."

सरांनी पेटी मिटली. दोन दिवस माझ्याशीही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती धून शाळेत अख्खी वाजवून दाखवली, एकही चूक न करता. सुमनचं गणित होतं तिथंच होतं.

*

मग मी कर्जत गाठलं. तिथल्या बाजारात कादरचाचा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे चावीचा एक जुना ग्रामोफोन आणि सनईची एकच रेकॉर्ड होती. जपून परत आणा एवढीच अट घालून त्यांनी दोन्ही मला दिली. एसटीत मांडीवर घेऊन आले मी ते धूड.

रेकॉर्डला चरा पडलेला. मधेच सुई अडकली आणि सनईचा एकच लांब स्वर फिरून फिरून यायला लागला. शकू सुई उचलायला धावली तर सुमन मान वर न करता म्हणाली, "राहू दे." आम्ही दोघी बघत राहिलो. त्या अडकलेल्या सुईवर तिनं चार गणितं सोडवली!

आठ दिवस आम्ही आळीपाळीनं चावी देत होतो. नवव्या दिवशी आतली स्प्रिंग तुटली. मी मान खाली घालून कर्जतला गेले. चाचा रागावले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिला सनई नकोच आहे, बाई. तिला मागचा सूर हवाय. सूर धरणारा माणूस तुमच्या गावातच असेल, बघा."

*

होता की! सनईवाल्यांच्या ताफ्यात धोंडूकाका होते. पुढचा सनई वाजवतो, काका मागे बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर धरतात, श्वास न तोडता. चाळीस वर्षं हेच. लग्नात पुढच्याला लोक शाबासकी देतात, काकांकडे कोण बघतंय?

मी विचारायला गेले तर म्हातारा गडबडलाच. म्हणाला, "मला येकट्याला सुपारी? पयल्यांदाच आली ही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला आले ते फेटा बांधून, लग्नाचा कोट घालून. पायरीवर बसले नि सूर लावला. आत सुमनची पेन्सिल चालायला लागली. मला तर रडूच आलं.

दाराशी गर्दी जमली. एका बाईनं विचारलं, कुणाचं लगीन हाय गं? सुमन आतूनच म्हणाली, "माझं. गणिताशी."

गंमत एसटीत बसून कळंबला गेली, पण अर्धीच पोचली. रविवारी वडील आत्याबाईंना घेऊन, नारळ घेऊन दारात! पायरीवर फेटेवाले काका बघून वडिलांनी हात जोडले, "नवऱ्याकडचे का तुमी?" आता काका बोलणार कसे? बोलले तर सूर तुटणार. ते नुसत्या भुवया उडवतायत, वडील पुन्हा पुन्हा नमस्कार घालतायत, आणि आत्याबाई वराचं वय बघून पदर डोळ्याला लावतायत!

सुमननं हातातलं गणित पुरं केलं, मगच उठली. सगळा उलगडा झाल्यावर वडील म्हणाले, तुझं दुसरं लगीन लावायचं माज्या मनात हाय, पोरी.

"बाबा, मार्चपर्यंत माझ्यापुढं कुणाचं नाव काढू नका," ती म्हणाली. "मला या नोकरीत कायम व्हायचंय."

वडील बराच वेळ तो सूर ऐकत बसले. जाताना नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाले, गनितालाच फोडा.

*

परीक्षेचं केंद्र कर्जतला. काकांनी शाळेच्या भिंतीबाहेर बसायचं, असा आमचा बेत. आदल्या दिवशी काका हात जोडून उभे. ताफ्याला परीक्षेच्याच दिवशी खालापूरकडच्या लांबच्या लग्नाची सुपारी आली होती. सुराशिवाय सनई उभी राहत नाही, त्यांचाही नाइलाज होता. सुमनच म्हणाली, जा काका.

ती पास झाली, हे आत्ताच सांगते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. बालवाडीतून निवृत्तही झाली. पण त्या दिवशी वर्गात इतकी शांतता होती की बाहेर कट्ट्यावर बसून माझाच जीव घाबरा झाला.

ती बाहेर आली ती शांत. मी विचारलं, सासू आली होती का गं?

"नाय गं. सूर चालू होता की," ती म्हणाली. "साडेबाराच्या घंटेला एकदाच तुटला. तेवढं एक गणित गेलं."

मी म्हटलं, उन्हाचं काहीतरी बोलू नकोस, चल, चहा घेऊ.

दुसऱ्या दिवशी पाचला काका आले, पेपर कसा गेला विचारायला. सुमन त्यांना खोटं खोटं रागावली, "काका, काल मधेच तुटलात तुम्ही. साडेबाराला. माझं एक गणित गेलं ना!"

शकू नि मी हसलो. काका हसले नाहीत. फेटा काढून पायरीवर बसले.

"साडेबाराचाच मुहूर्त व्हता," ते म्हणाले. "आमी वाजवीत व्हतो नि अक्षता आल्या, त्यातली येक घशात गेली. ठसका लागला. चाळीस वर्सांत पयल्यांदा सूर तुटला माजा."

मग आमच्या तिघींकडे बघत म्हणाले, "पन पोरी, तुला हे सांगाया तिथनं कोन आलं व्हतं?"