अडीच दारांचा स्वेटर

या लेखात एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. ज्या गावात थंडी पडत नाही, त्या गावात विणलेला स्वेटर खऱ्या थंडीत ऊब देईल की नाही, हे गावातून न हलता कसे ठरवावे?

रोह्यात राहणाऱ्याला हा प्रश्न विचित्र वाटणार नाही. आम्ही त्या वेळी कुंडलिका नदीच्या पलीकडे अष्टमी गावात राहत होतो. आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे दूध आणायला जाताना कानाला बांधलेला रुमाल. सूर्य थोडा वर आला की तोच रुमाल घाम पुसण्याच्या कामी येई. अशा हवेत मी लोकर विणत असे. रोह्याच्या शाळेत मी शास्त्र शिकवत होते आणि विणकाम हा माझा छंद होता. भरतकाम का करत नाही, असे शिक्षकखोलीत सगळ्यांनी मला कधी ना कधी विचारून झाले होते.

तोपर्यंतचे माझे काम असे: शेजारपाजारच्या बाळांची टोपरी, जी बाळे पहिल्याच दिवशी ओढून फेकत, टीव्हीवर घालायचे आच्छादन, दारांची तोरणे, आणि यजमानांसाठी एक बिनबाह्यांचा स्वेटर. तो त्यांनी एकदाच, फोटो काढण्यापुरता, पंख्याखाली उभे राहून घातला होता. थोडक्यात, माझ्या विणकामाची परीक्षा कधी झालीच नव्हती.

ती सासूबाईंमुळे झाली. सासूबाई पेणला राहत आणि आम्ही रविवारी त्यांच्याकडे जात असू. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या भजनी मंडळाने उन्हाळ्यात बसने बद्रीकेदारला जायचे ठरवले, आणि सासूबाईंनी घरात कोणाला न विचारता आपले नाव सर्वांत आधी दिले. अडचण एवढीच होती की आदल्या पावसाळ्यात त्यांची छाती भरली होती आणि त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले होते. यजमानांनी स्पष्ट नकार दिला. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले की छाती उबदार राहणार असेल तर जायला हरकत नाही.

"उबदार राहील हे कशावरून?" यजमानांनी विचारले. ते धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत होते आणि पुराव्याशिवाय मीठसुद्धा खारट मानत नसत.

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. "ही कशाला आहे? इतकी वर्षं दारं सजवतेय, एकदा मला सजवू दे." मग आवाज उतरवून त्या मुलाला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पाय असतील की नाही, कोण सांगतं? या वर्षी आहेत."

शेवटी ठरले ते असे की मी स्वेटर विणावा, तो उबदार आहे हे सिद्ध करावे, आणि सिद्ध झाले तर सासूबाईंनी जावे. त्यांचे जाणे आता माझ्या सुयांवर होते.

लोकर मी नेहमी पेणला घेत असे. गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीजवळ एक दुकान होते. तिथे मखराचे सामान, सोनेरी कागद, मोत्यांच्या माळा आणि त्यांच्या शेजारी लोकर मिळे. त्या दुकानात लोकर फक्त तोरणासाठी विकली जाई, त्यामुळे दुकानदार वजन विचारत नसे. तो विचारे, "किती दारांची?" एका दाराला किती लडी लागतात, हे त्याच्या हाताला ठाऊक होते.

मी म्हटले, "या वेळी दार नाही. सासूबाई आहेत."

त्याने हात थांबवला, सासूबाईंची उंची विचारली, अंगाने कशा आहेत ते विचारले, आणि छताकडे बघत हिशेब केला. "अडीच दारं धरा, बाई."

रंगांचा प्रश्न त्याहून अवघड होता. मला तपकिरी किंवा करडा हवा होता. त्याच्याकडे राणी, शेंदरी आणि पोपटी होता. मी नाराजी दाखवली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मानसाचे रंग नाय ठेवत आमी. हे देवाचे रंग हायत." देवाच्याच दारी जायचे आहे, असा विचार करून मी पोपटी घेतला.

इथे नवीन विणणाऱ्यांसाठी एक सूचना करून ठेवते. एका वस्त्राला लागणारी सगळी लोकर एकाच वेळी, एकाच रंगणीतली, म्हणजे एकत्र रंगवलेली, घ्यावी. हे मला माहीत होते. शाळेत मी ते मुलींना सांगतही असे. पण दुकानदाराचा हिशेब दाराचा होता, आणि दाराला बाह्या नसतात. पाठ, छाती आणि उजवी बाही झाल्यावर लोकर संपली. दुसऱ्या रविवारी मी पुन्हा गेले, तर पोपटी होता, पण नवा माल आला होता आणि त्यात पिवळसर झाक होती. तोरणात कोन बघतो, असे दुकानदाराचे म्हणणे पडले. डावी बाही त्या लोकरीची झाली. सासूबाईंनी दोन्ही बाह्या आंब्याच्या फोडींसारख्या शेजारी धरून पाहिल्या आणि म्हणाल्या, "डावा हात आधी पिकलाय."

प्रत्यक्ष विणण्यातल्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. एप्रिलात बोटांना घाम येतो आणि सुया निसटतात. त्यावर पावडर हा उपाय आहे, पण मग लोकर पांढरी दिसते. पंखा लावला तर लोकरीचे तंतू उडून आमटीत पडतात. बंद ठेवला तर शिफ्टवरून आलेला माणूस बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. पेणला जाताना मी एसटीत विणत असे. कोलाडपर्यंत ठीक चाले. पुढे खांबच्या आसपास रस्त्याला इतके धक्के होते की टाके सुईवरून उतरत आणि खाली ओळींमधून घरंगळत जात. म्हणून कोलाड सोडले की फक्त सुलट टाके घालायचे, उलट टाक्यांना हात लावायचा नाही, असा मी नियम केला होता. परिणाम असा की एसटीत विणलेली उजवी बाही सैल आणि लांब झाली. डावी बाही मी उत्तरपत्रिका तपासताना मधल्या वेळात विणली. एकेक उत्तर वाचून हात आवळत गेला आणि ती बाही घट्ट आणि आखूड झाली. मी ती दोनदा उसवली. तिसऱ्यांदा सासूबाईंनी हातातून काढून घेतली. त्या म्हणाल्या, बद्रीनारायण बाह्या मोजत नाही.

स्वेटर पुरा झाला त्या रविवारी सासूबाईंनी तो पेणच्या भर दुपारी घातला, एक श्वास घेतला, खूप उबदार आहे असे सांगितले आणि लगेच काढला.

"एप्रिलात गोणपाटही उबदार असतं," यजमान म्हणाले.

यात तथ्य होते. उष्णतेत ऊब मोजता येत नाही. थंडी हवी होती आणि घरात थंडीची एकच जागा होती, ती म्हणजे फ्रिज. अष्टमीला परतल्यावर मी दोन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरले, एकीला स्वेटर गुंडाळला, दुसरी तशीच ठेवली आणि दोन्ही फ्रिजमध्ये बंद केल्या. जागेसाठी भाजी बाहेर काढावी लागली, ती नासली. स्वेटरमधली बाटली बऱ्याच वेळाने उघडली तेव्हा कोमट होती आणि दुसरी गार पडली होती. मला समाधान वाटले. यजमानांनी दोन्ही बाटल्यांना हात लावून पाहिला आणि म्हणाले, "आई बाटली नाही. बाटलीची छाती भरत नाही." शिवाय मंडळाची बस निघायला थोडेच दिवस उरले होते.

प्रयोगात बाटलीऐवजी माणूस घ्यायचा तर फ्रिजही माणसाच्या मापाचा हवा. असा एक मला ठाऊक होता. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मच्छीसाठी बर्फ तयार करणारा कारखाना होता आणि तिथल्या मुकादमाची मुलगी माझ्या वर्गात होती. सासूबाईंना मी अष्टमीला बोलावून घेतले. यजमानांना तुलनेसाठी बरोबर यायला सांगितले: एकाच थंडीत एक माणूस स्वेटर घालून, दुसरा न घालता. पद्धत बरोबर असल्यामुळे त्यांना नाही म्हणता आले नाही.

मुकादमाने आम्हा तिघांकडे पाहिले. "बाई, किती लाद्या टाकू?"

"बर्फ नको," मी म्हटले. "थंडी हवी आहे."

त्याने थोडा विचार केला. "थंडी सुटी नाय देत आमी. पन बसायचं असंल तर बसा."

लाद्या रचून ठेवायची एक अंधारी कोठी होती. तिथे त्याने दोन उलटी खोकी ठेवली, वर पोती टाकली. एका खोक्यावर सासूबाई नऊवारीवर पोपटी स्वेटर घालून बसल्या. दुसऱ्यावर यजमान अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, हाताची घडी घालून. मी दाराशी घड्याळ घेऊन उभी राहिले आणि ठरावीक वेळाने दोघांना थंडी वाजते का, असे विचारत राहिले. यजमान प्रत्येक वेळी नाही म्हणत होते, पण नाही म्हणायला त्यांना उत्तरोत्तर जास्त वेळ लागत होता. सासूबाईंना उत्तर द्यायला सवडच नव्हती. मुकादमाचे गाव कोणते, मुली किती, बर्फ नेणारे होडीवाले पैसे वेळेवर देतात का, असे सगळे त्यांनी विचारून घेतले आणि मग बद्रीला जाताना कोणकोणत्या ठिकाणी बस थांबणार आहे ते त्याला क्रमाने सांगितले.

मुकादमाचे लक्ष मात्र यजमानांकडे होते. "सायब, पोतं देऊ का अंगावर?"

"पोतं घेतलं तर तुलना बिघडेल," मी म्हटले.

यजमानांनी माझ्याकडे असे पाहिले की लग्नानंतर इतक्या वर्षांत तसे पाहिले नव्हते.

"घे रे," सासूबाई म्हणाल्या. "तुझे वडीलही असेच. ओठ निळे व्हायचे, पण थंडी म्हणून कबूल करायचे नाहीत."

यजमानांनी पोते घेतले नाही. ते उठले, आईला घेऊन बाहेर उन्हात आले आणि तिचा हात हातात घेऊन बराच वेळ धरून राहिले. तो हात गरम होता. त्यांच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता.

"बरं," ते म्हणाले. "पटलं."

सासूबाईंचा चेहरा इतका उजळला की तिथेच थांबायला हवे होते. पण निष्कर्ष घाईने काढू नये, असे मी मुलांना रोज शिकवत होते. मी म्हटले की प्रयोग अजून पुरा झालेला नाही. दोन माणसे वेगळी आहेत. कदाचित सासूबाईंचा पिंडच उबदार असेल. शिवाय त्या सतत बोलत होत्या आणि बोलण्यानेही शरीर तापते. शास्त्राप्रमाणे आता अदलाबदल करायला हवी. यजमानांनी स्वेटर घालून बसावे, सासूबाईंनी स्वेटरविना, आणि कोणी बोलू नये.

मुकादमाने खोकी पुन्हा सरळ करायला घेतली. सासूबाईंनी स्वेटरची लांब बाही कोपरापर्यंत सावकाश मागे सारली.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "तुझं शास्त्र मला बद्रीला पोचवणार आहे, की इथूनच पेणला परत?"

त्या क्षणी यजमान शिंकले. मग आणखी एकदा शिंकले आणि रुमालातूनच म्हणाले, "आता कोणीही आत बसायचं नाही. आई जाईल."

हा निर्णय पुराव्यावर झाला की शिंकेवर, हे मला आजही सांगता येणार नाही.

पेणला बस सुटताना यजमानांना सर्दी होती आणि सासूबाई खिडकीतून त्यांना छातीला काय लावायचे ते सांगत होत्या. बस हायवेच्या दिशेने वळेपर्यंत पोपटी बाही खिडकीबाहेर हलताना दिसत होती. पिकलेली, डावी.

त्या परतल्या त्या ठणठणीत. खोकला नाही, ताप नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि लगेच विचारले, स्वेटरने ऊब दिली का?

"तिकडे घातलाच नाही," त्या म्हणाल्या.

झाले होते असे. हरिद्वारच्या गर्दीत मंडळातल्या दोघी चुकल्या आणि बऱ्याच वेळाने सासूबाईंच्या खांद्यावर टाकलेला स्वेटर लांबून पाहून परत आल्या. सगळ्या गर्दीत तसा रंग दुसऱ्या कोणाचा नव्हता. बसबरोबर आलेल्या मार्गदर्शकाने तेव्हाच सासूबाईंना विनंती केली, स्वेटर काठीला बांधला आणि पुढची सगळी यात्रा मंडळ त्याच्या मागे चालले. सासूबाईंनी दोन लुगडी एकावर एक नेसून वर एका मैत्रिणीची शाल पांघरली होती. परतीच्या वाटेवर दुसऱ्याच गावच्या काही बायका चुकून स्वेटरमागे येऊन मंडळाच्या बसमध्ये बसल्या होत्या, त्यांना उतरवावे लागले.

"आणि देव?" यजमानांनी विचारले.

"दिसला," सासूबाई म्हणाल्या. "अगदी समोर. पाय होते ना." मग पिशवीतून स्वेटर काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. काठीवर वाऱ्यात राहून आखूड बाही ताणली गेली होती आणि आता दोन्ही बाह्या बरोबर सारख्या झाल्या होत्या.

तर मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. एकदा तपासले ते अपुरे होते, आणि खरी थंडी आली तेव्हा स्वेटर काठीवर होता. अदलाबदलीचा प्रयोग राहून गेला आहे. सासूबाई आता नाहीत आणि यजमान त्या रस्त्याला वळत नाहीत. ज्या वाचकांच्या घराजवळ बर्फाचा कारखाना आहे आणि घरात सारख्या पिंडाची दोन माणसे आहेत, त्यांनी हा प्रयोग दोन्ही बाजूंनी, न बोलता, स्वतः करून पाहावा.