नागपूरचा चंद्रोदय

गेल्या हिवाळ्यात माझी श्रद्धा डळमळली होती, हे आज मोकळेपणाने लिहिते. एक बाळ पोटातच गेल्यावर माझ्या लेकीला पुन्हा दिवस राहिले होते. ती नागपूरला, मी पुणतांब्यात. ती सुखरूप मोकळी होईपर्यंत दर संकष्टीला चंद्रोदयाशिवाय अन्न घेणार नाही, असं मी गणपतीला बोलले होते. आठव्या महिन्यात तिचं बीपी वाढलं, दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि माझ्या उपासात कुठे उणं पडलं हेच मला कळेना. वेळेच्या बाबतीत तर मी काटेकोर. कॅलेंडरात मोठ्या शहरांच्या वेळा असतात, आपल्या गावाची नसते, म्हणून मी मोबाईलमधलं पंचांग बघायचे. आमचे हे चिडवायचे, की तुझ्या गणपतीला एक घड्याळ घेऊन दे.

घराच्या पूर्वेला मोठी चिंच आहे, चंद्र लवकर दिसत नाही. वेळ झाली की तिकडे हात जोडून मी जेवत असे. त्या संकष्टीला मात्र घरात जीव रमेना, म्हणून तांब्या आणि मोदक घेऊन गोदावरीच्या घाटावर गेले. मोबाईलमधली वेळ झाली, अर्घ्य दिलं, मोदक हातात घेतला, तेवढ्यात पायरीवर बसलेली एक बाई बोलली. पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली होती, तिचीही संकष्टी होती.

"चंद्र कुटं हाय, बाई?"

मी तिला मोबाईल दाखवला.

"त्यात उगवला असंल. हितं न्हाई अजून."

पूर्वेला खरंच अंधार होता. चष्मा पुसून पाहिलं, तर वेळेच्या वर बारीक अक्षरांत नागपूर. फोन लेकीचा जुना, तिनेच दिलेला. पूर्वेकडे चंद्र आधी उगवतो, एका रेखांशाला चार मिनिटं, हे मी तीस वर्षं भूगोलाच्या तासाला शिकवलं, आणि स्वतः दर महिन्याला अठरा मिनिटं आधी जेवत राहिले. सगळे उपास मोडलेलेच होते. मला रडू कोसळलं, आणि त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं.

तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मंग चुकलं कुटं? लेकीच्या डोक्यावर चंद्र आला, तवा तुमी जेवला. उपास तिच्यासाठीच हुता न्हवं?"

थोड्या वेळाने नदीपलीकडे चंद्र वर आला. आम्ही दोघींनी अर्घ्य दिलं, एक मोदक वाटून खाल्ला. महिन्याभरात नात झाली, दोघी सुखरूप आहेत. ते कशाने झालं हे मी ठरवत बसत नाही. पुढे घाटावर गेले तेव्हा ऊसतोडीची टोळी हलली होती. त्या बाईचं नावही मी विचारलं नव्हतं, याची हळहळ वाटते.

मोबाईलमधलं नागपूर मी बदललेलं नाही. संकष्टीला त्या वेळेला लेकीसाठी हात जोडते, मग आपला चंद्र येईपर्यंत बसून राहते. त्या अठरा मिनिटांत मी देवाकडे काहीच मागत नाही.